टवका

१

ढेकर आला की नाही, याची मला कधीच खात्री वाटत नसे. बाळाला खांद्यावर घ्यायचे, पाठीवर थोपटत खिडकीपासून कपाटापर्यंत फेऱ्या घालायच्या, आणि कानाशी काही आवाज झाला तर तो बाळाचा की माझ्याच गुडघ्याचा, हे ठरवता यायचे नाही. मग आणखी फेऱ्या. मग पाळणा. मग दोरीची करकर, वर पंख्याची घरघर आणि खाली कॉटवर लवंडलेला मी.

बाळ माझ्या मुलीचे, शाल्मलेचे. बाळंतपणाला ती माझ्याकडे चित्रदुर्गला आली आणि शस्त्रक्रियेची जखम चिघळली. औषधे इतकी कडक की अंगावरचे दूध पाजायला डॉक्टरांनी मनाई केली आणि तिला सक्तीची झोप सांगितली. जावई उमापती बेंगळुरूला नोकरीवर. तो रविवारी येई, बाळाचे फोटो काढी आणि परत जाई. घरात उरलो मी आणि माझी थोरली बहीण पुट्टक्का. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्या एका कानात यंत्र, दुसरा कान कायमचा गेलेला. पाळण्याचा आकडा फक्त माझ्या खोलीच्या छताला होता. शाल्मलेच्या वेळी माझ्या बायकोने, गिरिजाने, तो बसवून घेतला होता. अशा रीतीने बाळ आणि मी एका खोलीत राहू लागलो. गिरिजा गेल्यापासून त्या खोलीत माझ्याखेरीज कुणी झोपले नव्हते.

बाळ रडत नसे.

"असं गुणी बाळ कुणाला मिळतं रे?" पुट्टक्का म्हणायची. "तू एवढासा होतास तेव्हा भोंगा होतास भोंगा. अख्खी गल्ली जागी ठेवायचास. आईने तुला एकदा गोठ्यात नेऊन ठेवलं होतं. म्हैस आटली."

मला मात्र त्या गप्पपणाचीच धास्ती वाटे. म्हणून मी त्याचा श्वास ऐकत पडत असे. एका दुपारी डोळे मिटून असाच पडलो होतो आणि तो ऐकू आला. बारीक, घाईचा, मध्येच किंचित अडखळणारा. मला फार बरे वाटले. अंगातला ताण सैल झाला, झोपेत उतरू लागलो, आणि तेवढ्यात लक्षात आले की पाळणा माझ्या उजव्या हाताला आहे आणि श्वास डावीकडून, भिंतीतल्या फडताळाच्या बाजूने येतो आहे.

एकाच कानाने ऐकणाऱ्याला दिशा कळत नाही. हे शास्त्र आहे. एका मोजणीवर निष्कर्ष काढू नये, असे मी जन्मभर मुलांना शिकवले. मी कुशीवर वळलो. झोप फार येत असे त्या दिवसांत.

२

त्या फडताळात माझे दगडांचे नमुने होते. मी विद्यापीठात भूशास्त्र शिकवत असे. त्यांच्याच ओळीत आमच्या घरचा वरवंटा होता, कुंची घातलेला आणि दुपट्यात गुंडाळलेला. मिक्सर आल्यापासून त्याला स्वयंपाकघरात काम नव्हते, आणि बारशानंतर तो कुणीतरी तिथे ठेवला तो तिथेच राहिला.

बारशाला आधी वरवंट्यालाच पाळण्यात घालतात. त्याला बाळासारखे सजवतात, गुंडप्पा म्हणून हाक मारतात, पाळण्याच्या खालून वरून या हातातून त्या हातात देतात, मग बाहेर काढतात आणि बाळाला आत ठेवतात. हे सगळे बायकांचे काम. पण शाल्मला म्हणाली, "आई नाही, तर नाव अप्पांनी सांगायचं." नावही मीच निवडले होते, निनाद. आदल्या रात्री मला झोप नव्हती. बायकांनी बोलावले म्हणून मी पुढे झालो, पाळण्यात वाकलो, कुंचीच्या कानाशी तोंड नेले आणि स्पष्ट आवाजात तीनदा नाव सांगितले.

वर पाहिले तर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. बाळ शाल्मलेच्या मांडीवरच होते.

"अरे चिदू!" पुट्टक्काने कपाळाला हात लावला. "दगड आहे तो, दगड! जन्मभर दगडांची नावं सांगून पोट भरलं नाही का तुझं?"

मग हशा फुटला. शाल्मला टाके धरून हसत होती. "अप्पा, तुमचा नातू तो, तर माझा कोण?"

"तुझा गुंडप्पा!" शेजारच्या नागरत्नम्मा म्हणाल्या. "शोभतोय बघ. कसा गरगरीत आहे!"

नंतर वरवंटा काढून बाळाला आत ठेवले. त्याच्या कानात मी पुन्हा नाव सांगितले का? सगळे म्हणतात, सांगितले. मला आठवत नाही. कुणीतरी पेढ्यांचे ताट माझ्या हातात दिले होते, एवढे आठवते. त्या दिवसापासून घरात बाळाला सगळे गुंडप्पा म्हणू लागले. गुंडू, गुंड्या. निनाद म्हणून त्याला कुणी हाक मारल्याचे मी ऐकले नाही. मीही मारली नाही.

३

बाळ जड होऊ लागले.

लठ्ठ नव्हे. हातपाय होते तसेच बारीक. पण खांद्यावर घेतले की माझा तोल जाई. पाळण्याची दोरी पूर्वी करकरत असे, ती आता कण्हल्यासारखी वाजू लागली. सकाळी पुट्टक्का तांब्याने पाणी ओतायची आणि मी बाळाला धरायचो. ऊन पाण्यातून काढून पुसले तरी त्याची पाठ हाताला गार लागे. मग मी टाळू भरायचो. कोमट तेल तळहातावर घेऊन डोक्याच्या मधोमध जिरवायचे. आधी तिथे बोटांखाली मऊ जागा असे, आत काहीतरी हळूहळू उडत असे. एके दिवशी माझ्या लक्षात आले की तेल जिरत नाही. ओघळून कानामागे उतरते.

शाल्मलेला बरे वाटू लागले तेव्हा आम्ही बाळाला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी वजन केले. काट्याकडे पाहिले. बाळाला उचलायला लावले, काटा शून्यावर आणला, पुन्हा वजन केले.

"वजन चांगलं आहे," त्या म्हणाल्या, पण आवाजात चांगले काही नव्हते. त्यांनी बाळाच्या कानामागे घंटी वाजवली. बाळ खिडकीकडे बघत राहिले. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि तो मधोमध थांबला. "ही जागा एवढ्यात भरायला नको. हसतो का तो?"

पुट्टक्का म्हणाली, "आमच्या घराण्यात फारसं कुणी हसत नाही, बाई. हा माझा भाऊ बघा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. महिनाभर वाट पाहू, म्हणाल्या. फरक पडला नाही तर बेंगळुरू. डोक्याचे फोटो काढावे लागतील, कदाचित कवटी उघडावी लागेल.

परतताना रिक्षात शाल्मला रस्त्याकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अप्पा, मी त्याला घेते ना, तेव्हा मला वाटतं, हा अजून माझ्याकडे आलेलाच नाही. सगळ्यांची बाळं येतात. माझं यायचं राहिलंय. औषधांमुळे वाटत असेल ना असं?"

"औषधांमुळेच," मी म्हणालो.

४

दुसऱ्या दुपारी मी पाळण्याशी उभा राहिलो आणि हाक मारून पाहायचे ठरवले. डॉक्टरीणबाईंनी घंटी वाजवली होती. घंटी म्हणजे काही माणसाचा आवाज नव्हे.

"गुंडप्पा," मी म्हणालो. बाळ छताकडे बघत होते. "गुंड्या. ए गुंडू." काही नाही.

मग मी म्हणालो, "निनाद."

बाळ हलले नाही. पण माझ्या पाठीमागे काहीतरी थांबले. दूध पिणारे मूल ओळखीचा आवाज ऐकून क्षणभर ओढायचे थांबते, तसे. ते थांबले तेव्हाच मला कळले की इतका वेळ मी ते ऐकत होतो, कितीतरी दिवसांपासून ऐकत होतो, आणि त्याची सवय होऊन गेली होती. मग ते पुन्हा सुरू झाले. आधीपेक्षा घाईने.

मी फडताळाशी गेलो. कुंचीवर हात ठेवला. ऊब होती. मानेशी कापड ओलसर होते आणि त्याला आंबूस दुधाचा वास येत होता.

दगड उन्हाने तापतो आणि उशिरा निवतो. खिडकी पश्चिमेची. दुधाचा वास तर माझ्या हातांना, सदऱ्याला, उशीलाही येत होता. मी वरवंटा उचलला आणि न्हाणीघराकडच्या भिंतीला, जिथे ऊन कधीच पोहोचत नाही तिथे, स्टुलावर ठेवला. पहाटे उठल्याबरोबर हात लावला. ऊब होती.

मग मी कुंची काढली. दगडच होता. काळा डोलेराइट, आमच्या भागातला, पिढ्यानपिढ्या वाटण करून गुळगुळीत झालेला. एका टोकाला नखाएवढा टवका उडालेला. गिरिजाच्या हातून तो मागच्या पायरीवर पडला होता, आणि हा दगड असा कसा फुटला याचे मला फार नवल वाटले होते, तर ती ओरडली होती, "दगड नंतर बघा, आधी माझा पाय बघा!" मी हसलो. स्वतःच्या खोलीत, पहाटे, वरवंट्याची कुंची हातात घेऊन हसलो.

सवयीने टवक्यावरून अंगठा फिरवला. त्याची कड धारदार होती. एकदा मला तिने रक्त काढले होते. आता ती बोटाला लागत नव्हती. आत दबत होती, किंचित.

मी कुंची परत घातली. का घातली ते सांगता येणार नाही. त्याला उघडे ठेववेना.

५

सांगायचे कुणाला? शाल्मलेला सांगितले असते तर तिने बाळाला माझ्या खोलीतून काढले असते, आणि ते बरोबरच झाले असते. आमच्या वडिलांनी शेवटची वर्षे अंगणातल्या नळाशी भांडण्यात घालवली. तेही फार शिकलेले होते. पण बाळाला माझ्यापासून काढले म्हणजे बाळ बेंगळुरूला जाणार, आणि तिथे त्याची कवटी उघडणार, आणि आत काय सापडेल याचा विचार माझ्याने पुढे करवेना.

पुट्टक्का स्वयंपाकघरात पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सगळे सांगितले. ती आता टोमणा मारील म्हणून मी वाट पाहिली. खरे तर तो मला हवा होता.

"निवृत्त झालास तेव्हाच म्हटलं होतं, रिकामा बसू नकोस," ती म्हणाली. पण तिची बोटे शेंगेत तशीच राहिली होती. "मला वाटलं, मलाच ऐकू येतं."

"काय?"

"डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. दुपारी मी तुझ्या दाराशी पडते ना. घोरणं तुझं. त्याखेरीज एकच श्वास असतो खोलीत. आणि तो पाळण्यातून येत नाही, चिदू."

"मग बोलली का नाहीस?"

"आंधळी म्हातारी मी. तू प्रोफेसर." तिने शेंगा बाजूला सारल्या. "पुन्हा करू बारसं. ज्याचं त्याला देऊन टाकू."

रात्री शाल्मला औषध घेऊन झोपल्यावर आम्ही माझ्या खोलीचे दार लावून घेतले. नागरत्नम्मांची खिडकी समोरच, म्हणून पडदे ओढले. पुट्टक्काचा हट्ट होता की त्या दिवशी होते तसेच सगळे हवे. म्हणून दोघांना कुंच्या घातल्या, दोघांना सारख्या दुपट्यांत गुंडाळले. वरवंटा पाळण्यात ठेवला. मी वाकून म्हणालो, "गुंडप्पा." पुट्टक्का पुटपुटत बाळाला पाळण्याखालून माझ्याकडे देऊ लागली, मी पाळण्यातला वरवंटा वरून तिच्याकडे. खाली, वर, खाली. हे पाच-सहा बायकांनी करायचे काम आहे, दोन थकलेल्या म्हाताऱ्यांचे नव्हे. एवढ्यात वीज गेली. पंखा बंद पडला, आणि खोलीत इतकी शांतता झाली की माझे यंत्र शीळ घालू लागले.

"धरलंस का?" पुट्टक्का म्हणाली.

"धरलं."

"कोण आहे तुझ्याकडे?"

"बाळ. हा जड आहे."

अंधारात तिने आपले गाठोडे हातांवर तोलून पाहिले. "दोन्ही जड आहेत, चिदू."

 आणखी धरवले नसते. मी हातातले पाळण्यात ठेवले, वाकलो, कुंचीच्या कानाशी तोंड नेले आणि म्हणालो, "निनाद."

ते रडले.

महिने साचलेले रडणे एकदम सुटावे तसे. भिंतीवरच्या फोटोची काच थरथरली. दार उघडले, हॉलच्या खिडकीतून फिका उजेड आला आणि शाल्मला भिंत धरत आत आली, तिने पाळण्यातून बाळाला उचलले, छातीशी धरले, आणि ते तिच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देऊ लागले. ती हसत होती आणि रडतही होती. "अप्पा, बघा! बघा, ओळखलं त्याने मला! आला, अप्पा. आला माझ्याकडे."

ती त्याला घेऊन आपल्या खोलीत गेली. पुट्टक्का खाली फरशीवर बसली होती, दुसरे गाठोडे मांडीवर घेऊन.

"चिदू," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "हे कोमट आहे अजून."

मी गाठोड्यावर हात ठेवला.

"आता निवत चाललंय," ती म्हणाली.

मी ते तिच्याकडून घेतले आणि फडताळात ठेवले. माणसाच्या हाताची ऊब दगड काही वेळ धरून ठेवतो. एवढाच विचार मी केला. आणि मग कॉटवर पडलो आणि कित्येक महिन्यांत झोपलो नव्हतो तसा झोपलो.

६

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी घंटी वाजवली आणि बाळाने मान वळवून त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्या खळखळून हसल्या. टाळू मऊ होती. वजन घटले होते, पण बाळ टवटवीत होते. काटाच बिघडलेला असावा, म्हणाल्या. ते निनाद म्हटले की हसे. गुंडप्पा म्हटले तर बघतही नसे, म्हणून ते नाव आपोआप बंद पडले. शाल्मलेची औषधे संपली. उमापती गाडी घेऊन आला आणि दोघांना घेऊन गेला.

मग एकदा तिचा फोन आला, चित्र दिसणारा. बाळ तिच्या मांडीवर पालथे पडून मान उचलत होते.

"अप्पा, एक विचारायचं होतं. याच्या डोक्याच्या मागे, हे बघा, एक खळगा आहे. नखाएवढा. तिथे केसच येत नाहीत. आधी होता का हो हा? तुम्ही आणि पुट्टक्का अत्तेच न्हाऊ घालायचात."

माझा आवाज ऐकून बाळाने पडद्याकडे वळून पाहिले आणि तोंडभर हसले. एक दात आला होता.

"अप्पा? ऐकू येतंय ना?"

"होता," मी म्हणालो. "जन्मतःच होता."

"हुश्श," शाल्मला म्हणाली, आणि तिने त्या खळग्यावर ओठ टेकले.

७

तोवर मी फडताळातल्या त्याची कुंची काढली नव्हती. त्या दुपारी काढली. दोन्ही टोके गुळगुळीत आहेत. टवका नाही.

मी पुट्टक्काला जाऊन सांगितले. तिने माझ्याकडे तोंड वळवले नाही. "टवका पाट्याला होता," ती म्हणाली. "वरवंट्याला कधीच नव्हता. गिरिजाने पाटा आपटला होता. तुझं तुलाच आठवत नाही." असेलही. पाटा बघून खात्री करता आली असती, पण तो मिक्सर आला तेव्हाच कुणाला तरी देऊन टाकला होता. आठवणींवर माझा भरवसा नाही. गिरिजाचा पाय मात्र सुजला होता, हे नक्की.

वरवंटा मी स्वयंपाकघरात दिलेला नाही. पाळण्याची दोरीही सोडलेली नाही; स्टुलावर चढण्याचे आता माझे वय नाही. दुपारी जेवून आलो की मी कोमट तेल तळहातावर घेतो आणि त्याच्या वरच्या टोकावर, मधोमध, लावतो. सवय म्हणा. डोलेराइट तेल पीत नाही. हे मी वर्गात मुलांना हातात दगड देऊन दाखवले आहे. मी झोपून उठतो तेव्हा तेल जिरलेले असते.

खोलीत आता एकच श्वास ऐकू येतो. यंत्र काढून ठेवले तरी येतो, त्यामुळे तो माझाच असावा.

ज्या नावाने घरातली सगळी माणसे तीन महिने त्याला हाका मारत होती, ते नाव मी अजून त्याच्याजवळ उच्चारलेले नाही. पुट्टक्काही उच्चारत नाही. ती आता माझ्या दाराशी निजत नाही, हॉलमध्ये निजते. बेंगळुरूला एक बाळ हसते आहे, आणि माझी मुलगी सुखात आहे. तोंड मिटून ठेवले की सगळे जागच्या जागी राहील.

पण मी फार थकलो आहे. आणि मी झोपेत बोलतो, असे गिरिजा सांगायची.